पाणी घालणारीचा रकाना

शून्य मी लिहिले. एकदा नव्हे; त्या सकाळी रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक मुलाच्या क्रमांकापुढे लिहिले, पेनाने, नीट गोल काढून. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ज्यांच्यावर रागावणार आहे त्यांच्या यादीत माझे स्वतःचे नाव सर्वांत खाली आलेले मला चालणार नाही.

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मी अंधेरीतल्या एका संस्थेत लागले. इतरांनी राबवलेल्या आरोग्यमोहिमांचे मूल्यमापन करणे हे या संस्थेचे काम. मोहीमवाले सांगतात, आम्ही लोकांची सवय बदलली. आम्ही जाऊन तपासतो, खरोखर बदलली का. हे काम मला विलक्षण आवडले. जेवणाआधी हात धुता का, असे विचारल्यावर ‘नाही’ म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. म्हणून विचारायचे नाही. कोपऱ्यात बसून बघायचे आणि दिसेल तेवढेच नोंदवायचे, ही पद्धत मला स्वच्छ वाटे. दोन निरीक्षकांनी एकच प्रसंग पाहून वेगवेगळ्या नोंदी केल्या की कार्यालयात वाद होत, आणि ते मिटवायला मला बोलावत, कारण नियमपुस्तिका मला पाठ होती. “यार, तू म्हणजे चालतंबोलतं मॅन्युअल आहेस,” असे माझी सहकारी म्हणे, तेव्हा ती टिंगल करते आहे हे कळूनही मला बरे वाटे. मला परदेशात सार्वजनिक आरोग्याचे पुढचे शिक्षण घ्यायचे होते. त्यासाठी निदान एका अहवालावर पहिले नाव माझे असायला हवे होते. हात धुण्याच्या मोहिमेचा अहवाल तो असणार होता.

करोनाची साथ ओसरल्यानंतरची ही हकीकत. हात धुवा म्हणून सांगणाऱ्यांचा उत्साह त्या सुमारास शिगेला पोहोचला होता. एका कंपनीच्या सामाजिक निधीतून उपनगरांतल्या बालवाड्यांसाठी ही मोहीम निघाली. प्रत्येक बालवाडीला एक गाणे, एक गुळगुळीत पोस्टर, साबणाच्या वड्यांचे खोके आणि एकसारखे टी-शर्ट घातलेल्या दोन प्रशिक्षकांची भेट. पोस्टरवर एक गोबरा मुलगा. त्याच्यापुढे पांढरे बेसिन, वर चकचकीत नळ, नळातून मनगटाएवढी जाड धार. मुलाच्या आजूबाजूला कोणीही नाही. त्याला कोणाची गरजच नाही. हे चित्र ज्याने काढले त्याच्या घरी पाणी चोवीस तास येत असणार, यावर मी माझी पदवी पणाला लावायला तयार आहे.

मोहिमेच्या शेवटी काही निवडक बालवाड्यांना ‘कायमची सोय’ मिळणार होती: पाण्याची टाकी, मुलांच्या उंचीला चार नळ आणि, सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, मुख्य वाहिनीपासून टाकीपर्यंतची जोडणी, लागेल तिथे पंप, परवानग्यांच्या सगळ्या धावपळीसकट. कोणत्या बालवाड्यांना? जिथे सवय रुजलेली दिसेल त्यांना. म्हणजे आमच्या निरीक्षणात ज्यांना गुण मिळतील त्यांना. नळ हवा असेल तर आधी नळाखाली हात धुऊन दाखवा, असा याचा सरळ अर्थ होता. मी ती अट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्यात काहीही खटकले नाही. मला ते प्रोत्साहन वाटले.

घाटकोपरच्या डोंगरावरची एक बालवाडी माझ्या वाट्याला आली. रिक्षा शेवटच्या वळणापर्यंत येते, तिथून पायऱ्या. एकच खोली, वर पत्रा, दारात झाकण घातलेले निळे पिंप. बालवाडी चालवणाऱ्या ताई पन्नाशीच्या. वस्तीतल्या कितीतरी आया लहानपणी त्यांच्यासमोरच अक्षरे गिरवायला बसलेल्या. पाणी पहाटे येते ते खालच्या नळाला. वर चढण्याइतका त्याला दाब नसतो. ताई रोज दोन खेपा करून दोन कळश्या वर आणत आणि पिंपात ओतत. ज्या दिवशी खालचा नळच कोरडा, त्या दिवशी खिचडी मुलांना तिथे न भरवता डब्यांत घालून घरी पाठवायची, कारण हात धुवायला पाणी नाही. त्यांचा उजवा खांदा दुखत असे. हात डोक्याच्या वर जात नसे. हे सगळे त्यांनी मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितले. तक्रारीचा सूर नव्हता. टाकी का हवी, एवढे मला नीट कळावे अशी त्यांची इच्छा होती.

“जागा मी बघून ठेवलीय,” म्हणत त्यांनी मला खोलीच्या मागे नेले. तिथे विटांचा नवा ओटा होता, सिमेंट अजून काळपट ओलसर. “आयांनी मिळून बांधून घेतला. गवंडी आमच्याच गल्लीतला. चार नळांना एवढी लांबी बास ना, मॅडम?”

“ते मला नाही सांगता येणार, ताई. मी फक्त निरीक्षण करते.”

“बरं. चहा ठेवू?”

“निरीक्षणाच्या दिवशी आम्ही काही घेत नाही.”

“पाणी?”

“नको.”

“म्हणजे उपासच आहे तुमचा,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मोहिमेचे पोस्टर भिंतीवर होते, पण पाठमोरे. मागच्या कोऱ्या बाजूवर ताईंनी जाड पेनाने मुळाक्षरे काढली होती. “कागद झकास आहे,” असे त्यांचे त्या पोस्टरविषयीचे मत होते.

खिचडीची वेळ झाली. मुले रांगेत उभी राहिली. ताई पिंपाशेजारी पाट टाकून बसल्या, समोर घमेले ठेवले, तांब्या भरून घेतला. पहिली मुलगी पुढे आली. ताईंनी डाव्या हाताने तिचे मनगट धरले, उजव्या हाताने तांब्या तिरका करून करंगळीएवढी धार सोडली, थांबवली. मुलीने साबण घेतला आणि मोहिमेचे गाणे म्हणत तळवे, हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखे असे सगळे क्रमाने चोळले. गाणे संपले तशी ताईंनी पुन्हा धार सोडली. फेस घमेल्यात. पुढचा. एका तांब्यात चार मुले बसत. घमेल्यातले पाणी नंतर मोरी धुवायला जाई. इतके सफाईदार हात धुणे मी आमच्या प्रयोगशाळेतही क्वचित पाहिले होते.

आता नियमपुस्तिका. ‘मुलाने स्वतः, वाहत्या पाण्याखाली, साबण लावून हात धुतले: एक. अन्यथा: शून्य.’ खाली बारीक अक्षरांत टीप: ‘पाणी दुसऱ्या व्यक्तीने ओतल्यास ते साहाय्याने धुणे समजावे व शून्य द्यावे.’ टिपेमागचा तर्क मला पाठ होता. सवय म्हणजे कोणी मागे न लागता आपोआप घडणारी कृती. मोठे माणूस पाणी ओतते तेव्हा घडते ती मोठ्या माणसाची इच्छा. तर्कात दोष नाही. ज्या घरात नळ आहे त्या घरापुरता तर्कात खरोखरच काही दोष नाही.

मी शून्य लिहिले. समासात पेन्सिलीने टिपून ठेवले: पाणी ताईंनी घातले, साबण, बेचक्या, नखे, सर्व व्यवस्थित. मला वाटले, मी दोन्ही बाजूंना न्याय दिला.

मुले जेवायला बसल्यावर ताई माझ्या मागून गेल्या आणि त्यांची नजर कागदावर पडली. मी हात आडवा घातला, पण उशीर झाला होता.

“सगळ्यांना भोपळा?”

“ताई, हे दाखवता येत नाही.”

“दाखवू नका. मला दिसलं. साबण लावला ना त्यांनी? गाणं म्हटलं ना?”

“पाणी तुम्ही घातलंत.”

“मग कोण घालणार? ती पोर चार वर्षांची. एका हाताने तांब्या उचलेल आणि एकाच हाताने हात धुवेल?”

“नियम तसा आहे.”

“आणि पिंपात हात बुडवून घेतले असते तर?”

“तरी शून्यच.”

ताई रागाने नव्हे, चक्क समजूत घालावी तशा म्हणाल्या, “मॅडम, टाकी द्या, मग नाही घालणार मी पाणी. मला काय हौस आहे?”

साऱ्या मूल्यमापनातले सर्वांत शास्त्रशुद्ध वाक्य ते होते, आणि मी ते लिहूनही घेतले नाही.

मुलुंडला घरी आल्यावर जेवताना मी ही हकीकत सांगितली. खरे तर पप्पांना हसू येईल म्हणून सांगितली. ते विदर्भातल्या एका खेड्यातून तरुणपणी मुंबईत आले, एका बँकेत शिपाई म्हणून लागले आणि परीक्षा देऊन कारकून झाले. माझ्या प्रत्येक नोकरीतले काम ते परीक्षेच्या पेपरसारखे तपासून घेतात.

“म्हणजे पोरांनी हात धुतले,” ते म्हणाले.

“धुतले.”

“साबण लावून.”

“हो.”

“आणि तू लिहिलंस, नाही धुतले.”

“तसं नाही, पप्पा. स्वतःहून नाही धुतले, असं लिहिलं.”

ते हसले नाहीत. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आमच्या माणसांना पोहरा टाकायची मुभा नव्हती. बाजूला ओंजळ करून बसायचे. कोणाच्या मनात आले तर तो वरून पाणी ओते, भांडे हाताला लागणार नाही इतक्या उंचावरून. निम्मे पाणी कोपरांवरून ओघळून जाई. हे मी अनेकदा ऐकले होते, आणि इतक्यांदा ऐकल्यामुळे मी ते इतिहासाच्या खणात ठेवून दिले होते. माझ्या कामाशी त्याचा संबंध असेल असे मला वाटले नव्हते.

“ती ताई उभी राहून घालत होती?” पप्पांनी विचारले.

“नाही. पाटावर बसून.”

“पोरांच्या हाताला हात लावून?”

मी आठवून पाहिले. डावा हात. प्रत्येक मुलाचे मनगट त्यांनी धरले होते, तळवा उलटा करून नखे पाहिली होती, आणि मगच सोडले होते. हे मी पाहिले होते. पेनानेही लिहिले नव्हते, पेन्सिलीनेही नाही.

“हो. मनगट धरून.”

“मग ते वेगळं आहे,” ते म्हणाले आणि भाताकडे वळले. थोड्या वेळाने, न बघता: “तुझ्या कागदाला एवढं कळत नसेल तर कागद बदल.”

जेवण झाल्यावर मी आमच्या बेसिनखाली बादली लावली आणि नळ पूर्ण सोडून, पोस्टरवरच्या मुलासारखे, गाणे संपेपर्यंत हात धुतले. आई म्हणाली, “वेड लागलंय का? गाणं कसलं म्हणतेस?” बादलीतले पाणी मी तांब्याने मोजले. तीन तांबे भरून वर थोडे उरले. डोंगरावर ताई एवढ्या पाण्यात बारा मुलांचे हात धुऊन देत होत्या, आणि पिंपात एकही बोट न बुडवता. माझी मोहीम, माझी नियमपुस्तिका, माझे पेन या सगळ्यांनी मिळून ज्या पद्धतीला शून्य दिले होते ती त्या परिस्थितीतली सर्वांत निर्दोष पद्धत होती. मला तेव्हा आलेला संताप अजून ओसरलेला नाही, आणि तो ओसरावा अशी माझी इच्छाही नाही. आपण लोकांना हात धुवायला शिकवायला निघतो, जणू त्यांना माहीत नाही. त्यांना सगळे माहीत असते. ज्याच्याकडे पाणी नाही त्याला हात धुण्याचे महत्त्व आपल्यापेक्षा जास्त कळते, कारण प्रत्येक वेळी तो ठरवत असतो की हे तांब्याभर पाणी कशाला वापरायचे. आपल्याला कधी असे ठरवावे लागलेले नाही, आणि तरी चित्र आपण काढतो, गाणे आपण लिहितो, गुणही आपणच देतो.

निकालाची बैठक अंधेरीच्या कार्यालयात झाली. पडद्यावर बालवाड्यांची यादी: हिरव्या आणि लाल. बोरिवलीची एक शाळेला जोडलेली बालवाडी सर्वांत वर, गडद हिरवी. तिथे नळ आधीपासूनच होते. घाटकोपरची सर्वांत खाली. बैठक संपल्यावर मी आमच्या प्रमुख मॅडमच्या खोलीत गेले.

“मॅडम, घाटकोपरचं शून्य बरोबर नाही.”

“तूच दिलंयस.”

“म्हणूनच सांगतेय.”

“कोडिंग चुकलं? गुण टाकताना?”

“कोडिंग बरोबर आहे. व्याख्या चुकली आहे. तिथे पाणी कोणीतरी घातल्याशिवाय हात धुताच येत नाहीत. आपण सवय मोजलीच नाही. नळ मोजले.”

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. त्या हुशार आहेत. मी त्यांच्याकडूनच हे काम शिकले. “व्याख्या फील्डला जायच्या आधी वाचली होतीस ना? आता आकडे गोठवल्यावर बदलली तर उद्या कोणीही म्हणेल, निकाल आवडला नाही म्हणून बदललं. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर पहिली तूच भांडायला आली असतीस.”

हे खरे होते. आले असते.

“आकडे बदलू नका,” मी म्हणाले. “पण टाकी आकड्यांवर देऊ नका. जिथे पाणी नाही तिथे द्या.”

“निधी देणाऱ्यांना यश दाखवायचंय. त्या डोंगरावर टाकी बसवली आणि कोणी वापरली नाही तर? मुलं नळाखाली हात धुतील याला पुरावा काय?”

“तिथे नळच नाही, तर पुरावा येणार कुठून?”

“तेच तर म्हणतेय मी,” त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते त्यांच्याही लक्षात आले असावे, कारण पुढचे वाक्य त्यांनी खिडकीकडे बघत उच्चारले. “परिशिष्ट लिही. तुझ्या समासातल्या नोंदी घाल. मी ते निधीवाल्यांपुढे ठेवते.”

मी पाच पाने लिहिली. पाणी किती पायऱ्या चढून येते, एका तांब्यात किती मुले होतात, घमेल्याचे काय होते, ओटा कोणी बांधला, मनगट कसे धरतात. अत्यंत कोरड्या भाषेत लिहिली, कारण रागाला ते लोक ‘भावनिक’ म्हणतात आणि बाजूला ठेवतात. प्रत्येक वाक्यापाशी मी स्वतःला विचारले: हे तू पाहिलेस का? पाहिले नसेल ते खोडले.

अहवाल छापून आला. मुखपृष्ठावर पांढऱ्या बेसिनपुढचा गोबरा मुलगा. आत पहिले नाव माझे. परिशिष्ट नव्हते. मी विचारले तेव्हा सांगण्यात आले की पाने कमी करायची होती, आणि तसाही निर्णय आधीच झालेला होता. धन्यवादाचे पान मात्र जागच्या जागी होते. त्यात कंपनीतल्या अधिकाऱ्यांची नावे पदांसकट, पूर्ण पानभर.

बोरिवलीच्या टाकीच्या उद्घाटनाला मला जावे लागले. शाळेच्या पटांगणात मांडव, फीत, मुलांचे गाणे. नव्या चार नळांपासून चार पावलांवर जुने सहा नळ होते, सगळे चालू. त्यांपैकी एक गळत होता आणि त्याखाली कोणीतरी कुंडी ठेवली होती. प्रमुख पाहुण्यांनी फीत कापली, नव्या नळाखाली कॅमेऱ्याकडे बघत दोन्ही हातांची बोटे ओली केली, झटकली आणि पुढे केलेल्या नॅपकिनला पुसली. साबणाची वडी शेजारच्या बशीत कोरडी राहिली. सवयीने माझ्या मनात नोंद झाली: शून्य. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सहकारी मैत्रिणीने माझ्याकडे पाहिले आणि ती ओठ न हलवता पुटपुटली, “मॅन्युअल, गुण किती?”

“त्यांची टाकी काढून घ्यायला हवी,” मी म्हणाले. ती खोकल्याचे निमित्त करून मांडवाबाहेर गेली. मला हसू आले नाही.

मी नोकरी सोडली नाही. सोडली असती तर ही हकीकत जास्त चांगली दिसली असती. परदेशच्या अर्जाला मी तो अहवाल जोडला. त्याच्या मागे वगळलेली पाच पानेही जोडली. त्यामुळे माझ्या मनावरचा भार उतरला वगैरे काही नाही. नंतर मॅडमकडे हट्ट धरून मी निरीक्षणाचा नवा नमुना तयार करण्याचे काम मागून घेतले. त्यातला पहिला रकाना: पाणी कुठून आले. दुसरा: कोणी आणले. तिसरा: हातावर कोणी घातले. मुलाच्या हाताकडे आम्ही चौथ्या रकान्यात पोहोचतो. हा नमुना मंजूर झाल्याच्या आठवड्यात मी तो घेऊन घाटकोपरच्या पायऱ्या चढले. ताईंना दाखवण्यासारखे माझ्याकडे दुसरे काही नव्हते.

मागच्या ओट्यावर मुलांची दप्तरे मांडलेली होती. ताईंनी कागद हातात घेतला, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

“हा तिसरा म्हणजे मी?”

“हो.”

“आणि टाकी?”

“नाही मिळाली, ताई. बोरिवलीला दिली.”

“त्यांच्याकडे पाणी नव्हतं?”

“होतं.”

कागदाची घडी घालून ताईंनी तो माझ्या हातात परत दिला. “मग हे मला कशाला दाखवतेस? ज्यांनी टाकी दिली त्यांना दाखव. मला माहितीय पाणी कोण घालतं ते.”

‘मॅडम’ जाऊन ‘तू’ आले होते, हे माझ्या लक्षात आले. मी म्हणाले, “त्यांनाही दाखवणार आहे. पुढच्या वर्षीच्या टाक्या या कागदावर ठरतील, असं मी लिहून मागितलंय.”

“मागितलंय. दिलं नाही अजून.”

“नाही.”

“तर मग वर्षभर कळश्या आहेतच.” त्यांनी उजव्या खांद्यावर डावा हात ठेवून तो दाबला. आत मुले खिचडीच्या वासाने उठून आपोआप रांगेत लागत होती. “आज सकाळपासून धरलाय हा. आलीच आहेस तर तू घाल पाणी. की आजही उपास?”

मी बॅग ओट्यावर ठेवली, दारात येऊन पिंपाचे झाकण काढले, तांब्या भरून घेतला. रांगेत पहिली एक ठेंगणी मुलगी होती, दोन्ही हात आधीच पुढे केलेली. मी धार सोडली. पाणी तिच्या तळव्यांवर आदळून उडाले, तिच्या फ्रॉकवर, माझ्या पायांवर, जमिनीवर. घमेल्यात थोडेच पडले. मुलगी मागे सरकली.

“अगं, उभ्याने काय घालतेस?” ताई मागून ओरडल्या. “बस खाली. मनगट धर तिचं.”

मी पाटावर बसले. मुलीने हात पुन्हा पुढे केले. तिचे मनगट माझ्या बोटांच्या एका वेढ्यात मावले. तिने साबण घेतला, गाणे सुरू केले, बेचक्यांपर्यंत आली, आणि मी पुन्हा तांब्या तिरका केला तेव्हा गाणे मध्येच तोडून म्हणाली, “बास, बास. बाकीच्यांना ठेवा.”

रांगेत अजून सात मुले होती. पिंपात वाकून पाहिले तर तळाशी जेमतेम एक तांब्या पाणी असेल. एवढेच आणखी मी नुकतेच सांडले होते. मी पुढच्या मुलाचे मनगट धरले आणि धार बारीक केली.